मेंढवाड्यातली नाळ

ग्लेनाबा रागावली की आवाज चढवत नाही. ती गप्प होते आणि कामाला लागते. मागावर बसलेली असेल तर लाकडी फणी धाग्यांवर अशी आपटते की दारातलं कुत्रं उठून जागा बदलतं. त्या शनिवारी सकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती पीठ तिंबत होती, आणि कुत्रं पार गाडीखाली जाऊन बसलं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

पिठातले हात तसेच ठेवून तिने ओठ पुढे काढले आणि आतल्या खोलीकडे दाखवलं. बोट दाखवणं आमच्याकडे उद्धटपणाचं मानतात. आत तिची नात शांडीन कपाटाचा खालचा खण उघडून बसली होती. तिने लोकरीची गुंडी काढून बाजूला ठेवली, एक जुना पट्टा काढला, आणि हात खणात आणखी मागे घातला.

"आल्यापासून उचकतेय," ग्लेनाबा म्हणाली. "परवा डेलबर्टच्या गाडीतला खण. काल माझा शिवणाचा डबा. आज कपाट."

"सुट्टी आहे. कंटाळली असेल."

"कंटाळलेलं पोर टीव्ही बघतं, धाकटे. खण उचकणारं पोर आपली नाळ शोधत असतं."

ती मला धाकटी म्हणते, म्हणजे धाकटी बहीण, आणि तिची मुलं मावशी म्हणतात. माझे यजमान इथल्या शाळेत गणित शिकवायला आले होते. ते वारले, आणि मी इथेच राहिले. अमेरिकेतल्या या नावाहो आदिवासी लोकांत माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं. त्यामुळे ग्लेनाबा काय म्हणतेय ते मला समजावून सांगावं लागलं नाही. बाळाची वाळून पडलेली नाळ इथे कुणी फेकत नाही. ती मेंढवाड्यात पुरतात, म्हणजे ते मूल मेंढ्यांचं आणि त्या मातीचं होतं, कुठेही गेलं तरी परत येतं. आणि ज्याची नाळ पुरलीच नाही, ते आयुष्यभर दुसऱ्यांचे खण उघडत फिरतं. मी लहानपणी शेजारी खेळायला जाऊन रेंगाळले की माझी आईही विचारायची, तिथे काय नाळ पुरलीय तुझी? मला या लोकांचं फारसं काही परकं वाटलं नाही ते अशामुळे.

"पण शांडीनची तर पुरलेली आहे ना?" मी म्हटलं. "खाली, मेंढवाड्यात."

"डेलबर्टने पुरली." तिने पिठाचा गोळा उचलून परत आपटला. "असं डेलबर्ट म्हणतो."

डेलबर्ट तिचा मुलगा. शांडीन जन्मली तेव्हा ग्लेनाबाचा पाय मोडून प्लास्टरमध्ये होता. मेंढवाडा खाली रंगीत खडकांच्या घळीत, तिथे गाडी जात नाही. म्हणून तिने ती नाळ मक्याच्या चिमूटभर पवित्र परागासोबत कापडात गुंडाळून डेलबर्टच्या हातात दिली होती. तो संध्याकाळी परत आला आणि काम झालं म्हणाला. त्यावर ती इतकी वर्षं निश्चिंत होती. आता शांडीन दुसरीत होती आणि खण उचकत होती.

"आज दुपारी सगळे खाली जाऊ," ग्लेनाबा म्हणाली. "जागा दाखव म्हणते त्याला. सोमवारच्या आत मला कळलं पाहिजे."

सोमवारचं काय ते सगळ्यांना माहीत होतं. गावाची सभा भरते त्या चॅप्टर हाऊसमध्ये जाऊन तिला चराईच्या परवान्यासाठी नाव सांगायचं होतं. तिचे गुडघे आता मेंढ्यांमागे चालत नव्हते. परवाना एकाच्याच नावावर होतो. ज्याच्या नावावर तो, त्याच्या मेंढ्या, आणि खालच्या मातीवर शब्दही त्याचाच. ग्लेनाबाने शांडीनचं नाव मनात धरलं होतं. पोर मोठी होईपर्यंत डेलबर्टने मेंढ्या राखायच्या. पण नाळ खाली नसलेल्या पोरीला ती माती देणं म्हणजे पाहुण्याच्या हातात घर देणं, असं ती म्हणायची. तसं झालं तर त्यापेक्षा मेंढ्या ट्रकमध्ये भरून बाजारात पाठवीन, हेही तिने मला सांगून ठेवलं होतं. ती बोलते ते करते.

दुपारी आम्ही दोन गाड्यांतून पठाराच्या कडेपर्यंत गेलो. ग्लेनाबा, डेलबर्ट, शांडीन आणि तिची आई रोशेल, आणि मी. रोशेल ही ग्लेनाबाची धाकटी मुलगी. ती फिनिक्सला दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. ऑक्टोबरच्या सुट्टीत लेकीला घेऊन ती आली होती. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती.

"मला वाटलं आपण टूबा सिटीला बाजाराला चाललोय," रोशेल गाडीतून उतरताना म्हणाली. तिच्या पायात पांढरे बूट होते.

"आधी मातीत चाल," ग्लेनाबा म्हणाली. "मग बाजार."

"बुटांची वाट लागणार."

"बुटांना माहीत होतं कुठे येतायत ते?" डेलबर्ट म्हणाला. "फिनिक्सचे बूट, बिचारे. घाबरलेत."

"तू गप रे. तुझे बूट तुझ्याहून हुशार आहेत म्हणून तुला रोज घरी आणतात."

ती दोघं लहानपणापासून अशीच बोलतात. मी पाण्याच्या बाटल्या घेतल्या. डेलबर्टने जेवणाची पिशवी घेतली, त्यात भाजलेलं मटण आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्या जाड पोळ्यांत गुंडाळलेल्या होत्या. आम्ही उतरायला लागलो.

तिथे आम्ही नुसतं 'खाली' म्हणतो. दुपार कलायला लागली की खालचे खडक पेटल्यासारखे दिसतात. वर पांढुरका थर, मग हळदीचा, मग कुंकवाचा, तळाला राखाडी आणि जांभळा, आणि मधून वाऱ्याने कोरलेले सुळके. माती भुसभुशीत, पाय घोट्यापर्यंत जातो. ग्लेनाबा हातात काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे होती. गुडघे दुखत असताना तिचा तो वेग पाहून मला कळत होतं की ती चालत नाहीये, रागाला पुढे ढकलतेय.

वाटेत कुणी फिरायला आलेल्यांनी दगडांवर दगड रचून ठेवले होते. हल्ली असे लोक येतात, आमचा वरचा रस्ता विचारतात, खाली उतरतात, फोटो काढतात, आणि जाताना असे बुटके मनोरे उभे करून जातात. का, ते मला आजवर कळलेलं नाही. ग्लेनाबाने पहिला मनोरा काठीने पाडला, दुसरा पायाने.

"आजी, मी पाडू?" शांडीनने विचारलं.

"पाड."

शांडीनने धावत जाऊन तिसरा पाडला. मग त्या दोघींनी मिळून घळीतले सगळे पाडले. त्या दुपारी दोघींचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

अर्ध्या वाटेवर एका खडकाच्या पोटात कपार आहे. तिथे सावलीला बसून आम्ही जेवलो. ती कपार ग्लेनाबाची. ती शांडीनपेक्षाही लहान होती तेव्हा सरकारी निवासी शाळेची बस येऊन तिला घेऊन गेली होती. शाळेत तिचे केस कापले. ती आपल्या भाषेत पाणी मागायची म्हणून तिच्या तोंडात साबण घालायचे. तिथून ती पळाली. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालत आली आणि या कपारीत लपून राहिली, कारण खाली घरी आईकडे गेली असती तर शाळेची माणसं आधी तिथेच आली असती. आईला कळलं तेव्हा तिने मक्याची लापशी करून गुपचूप इथे आणली. पण ते लोक तिच्या मागोमाग आलेच. ग्लेनाबाने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी मात्र हातातला कप खाली ठेवला होता, नाहीतर तो भिंतीवर गेला असता. देवाने माणसाला राग दिलाय तो अशासाठीच असावा, असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि अजून वाटतं.

मोठी झाल्यावर ती त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागली. लोक म्हणाले, विसरली. ती विसरली नव्हती. कुठलंही पोर आपल्या भाषेत पाणी मागेल तेव्हा ते देणारं कुणीतरी तिथे पाहिजे म्हणून ती गेली होती. केस पांढरे होईपर्यंत ती रागानेच त्या शाळेत पोळ्या भाजत राहिली. आणि ती पळून आली ती इथेच का, तर तिची नाळ इथे होती. याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नाही.

"उरलेली पोळी कुणाला?" डेलबर्टने विचारलं.

"दातांच्या डॉक्टरीणबाईंना दे," ग्लेनाबा म्हणाली. "शहरात मटण मिळत नाही, कोंबडीचे तुकडे खाऊन जगतात."

"मी डॉक्टर नाहीये, आई. मी फोन उचलते."

"तरी दे."

पुढे निघालो तेव्हा शांडीन एकाएकी वाकली आणि तिने वाळूतून काहीतरी उचललं. काटेरी अंगाचा चपटा सरडा होता. मला वाटलं ती खेळेल त्याच्याशी. पण तिने तो दोन्ही हातांत अलगद धरला, छातीशी लावला, आणि हळूच म्हणाली, "नमस्कार, आजोबा." मग तो होता तिथेच सोडून दिला. त्या सरड्याला आमच्याकडे आजोबा म्हणतात, तो भेटला तर असंच करायचं असतं.

ग्लेनाबा थांबली होती.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"डेलबर्टमामाने."

ग्लेनाबाने वळून मुलाकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची शीर सैल झाली. "हं," ती म्हणाली. तिच्याकडून हे पुष्कळच होतं. डेलबर्टने मान खाली घातली. मला ते लाजणं वाटलं.

मेंढवाडा घळीच्या तोंडाशी आहे. तीन बाजूंनी दगडाची गडगी, पुढे जुनिपरचे वाकडे खांब आणि तारेचं दार. शेजारी जुन्या होगनचं नुसतं दगडांचं कडं उरलंय. त्यांचं मातीचं गोल घर पूर्वी तिथे होतं. झरा आटला तेव्हा सगळे पठारावर राहायला गेले. मेंढ्या अजून उन्हाळ्यात काही दिवस तिथे असतात. आत गेलं की लेंड्यांचा आणि गरम मातीचा वास येतो.

ग्लेनाबाने तारेचं दार उघडलं आणि आम्हाला आत घेतलं. कमरेची परागाची पिशवी तिने हातात काढून घेतली.

"दाखव," ती डेलबर्टला म्हणाली.

"काय?"

"पोरीची नाळ कुठे पुरलीस ते. तिला बघू दे. तिथे उभी राहू दे."

डेलबर्टने इकडेतिकडे पाहिलं. मग ओठ काढून दाराच्या डाव्या खांबाकडे दाखवलं. "तिथे. खांबाच्या बुडाशी."

ग्लेनाबाने शांडीनचा हात धरला. "ये. इथे उभी राहा. उगवतीकडे तोंड कर."

शांडीन उभी राहिली नाही. तिने आजीकडे पाहिलं, मग खांबाकडे.

"इथे नाहीये," ती म्हणाली.

"काय इथे नाहीये?"

"माझी नाळ. ती फ्लॅगस्टाफला आहे, कॉलेजात. मोठ्या पाइनच्या झाडाखाली. आपण बास्केटबॉल बघायला गेलो होतो ना मामा, तेव्हा तू दाखवलीस." मग तिला मामाचा चेहरा दिसला. "सांगायचं नव्हतं का?"

"नव्हतं," डेलबर्ट म्हणाला.

वारा होता, तारेचं दार हलत होतं. ग्लेनाबाने परागाची पिशवी परत कमरेला बांधली. रागात परागाला हात लावायचा नसतो. मग ती गडगीपाशी गेली आणि ढासळलेले दगड उचलून वर बसवायला लागली. एक दगड, धप्प. दुसरा दगड.

"तुला माहीत होतं कुठे आहे," ती शांडीनकडे न बघता म्हणाली, "तर माझे खण कशाला उचकत होतीस?"

"पिन्यॉनच्या झाडाचे दाणे," शांडीन म्हणाली. "भाजलेले. तू लपवून ठेवतेस. मामा म्हणाला."

"अजून काय काय म्हणाला मामा?"

"आई, तिला मधे घेऊ नकोस," डेलबर्ट म्हणाला. "माझ्याशी बोल."

"तुझ्याशी?" ती वळली. "तुझ्याशी बोलले होते मी. पाय खुर्चीवर ठेवून बसले होते. तू दारातून आत आलास. तुझ्या बुटांना लाल माती होती. मी बघितली, म्हणून विश्वास ठेवला."

"माती मी लावली होती."

"काय?"

"वरच्या ओढ्यात जाऊन लावली. तू बुटांकडे बघणार हे माहीत होतं मला."

रोशेलच्या तोंडून हसू फुटलं. तिने लगेच हात तोंडावर धरला, पण उशीर झाला होता.

"हस," ग्लेनाबा म्हणाली. "दोघं मिळून हसा."

"मी हसत नाहीये, आई. मुद्दाम माती लावली यानं? बुटांना?"

"मला इतकी वर्षं मूर्ख बनवलं." ग्लेनाबाचा आवाज अजून खालीच होता. "मी मेंढ्या कुणासाठी राखल्या? हिवाळ्यात बर्फ फोडून पाणी कुणासाठी काढलं? वाटत होतं, एकीची तरी नाळ आहे खाली. ती येईल. आणि तू ती नेऊन कुठे घातलीस? पुस्तकवाल्यांच्या दारात. माझे केस कुणी कापले, डेलबर्ट? माझ्या तोंडात साबण कुणी घातला? मी ज्यांच्याकडून पळून इथे आले, त्यांच्याकडे नेऊन दिलीस माझी पोर."

"ते ते नाहीत, आई. तिथे आता आपलीच मुलं शिकतात. आपली भाषा शिकवतात तिथे."

"मला नको सांगूस ते काय शिकवतात."

"मग माझं ऐक." आता डेलबर्टचाही आवाज बदलला. तो मोठा शांत माणूस आहे, शाळेची बस चालवतो, लहान मुलं त्याच्या पोटावर ढोल वाजवतात. त्याला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "माझी कुठे पुरलीस?"

"तू उभा आहेस तिथेच."

"हो. मी उभा आहे तिथेच. बघ ना. अजून तिथेच उभा आहे."

ग्लेनाबाने वाकून आणखी एक दगड उचलला.

"वेल्डिंग शिकायला टल्साला गेलो. तुला आठवतंय? चांगलं जमत होतं. मास्तर म्हणाला, हात आहे तुझा. आणि रात्री झोप येईना. पोटात असं ओढायचं, कुणी दोरी बांधल्यासारखं. आलो परत. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. लोक आईवेडा म्हणाले, मी हसलो त्यांच्याबरोबर. पण राग येत होता मला. तुझा येत होता. मला विचारून बांधलं होतंस का? मग तू ते कापड माझ्या हातात दिलंस. मी कडेपर्यंत आलो. खाली बघितलं. आणि म्हटलं, हिला नको. हिला ओढ लागायचीच असेल तर पुढे जायची लागू दे. सरळ गाडी वळवली आणि फ्लॅगस्टाफला गेलो."

"म्हणजे तू ठरवलंस."

"तू पण ठरवलंच होतंस."

"आणि मी?" रोशेल म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती तिथे आहे हे विसरल्यासारखं. तिचे पांढरे बूट आता खालच्या मातीच्या रंगाचे झाले होते.

"पोर कुणाची आहे? मी न्हायला गेले होते. बाहेर आले तर पाळण्यात नाळ नाही. मी ओल्या केसांनी गादीखाली शोधत बसले. तेव्हा तू काय म्हणालीस, आई? काळजी करू नकोस, ती जागेवर पोचेल. तू पाळण्यातून उचललीस, याने गाडीत घालून नेली, आणि आज दोघं मिळून भांडताय कुणी खरं ठरवलं म्हणून. मला कुणी विचारलं? दोघांपैकी एकाने तरी?"

"तुला विचारलं असतं तर तू फिनिक्सला नेली असतीस."

"नेली असती. नाहीतर इथे आणली असती. माझं मी बघितलं असतं."

"तुला काय कळतंय जागेचं? तुझी स्वतःची तर—" ग्लेनाबा थांबली.

"बोल." रोशेल दोन पावलं पुढे आली. "बोल की. माझी स्वतःची तर हरवली. जत्रेत चुकले, नाळ हरवलेली. नोकरीला फिनिक्सला गेले, नाळ हरवलेली. लग्न बाहेर केलं, काय करणार, हिची नाळच हरवलेली. सोयरेधायरे आले की त्यांना पण सांगायचीस. गाडीची किल्ली सापडत नसली तरी तेच. कधी वाटलं तुला, मला काय होत असेल ऐकताना?"

"हरवली ते खरंच आहे."

"कुठे हरवली?"

"कुठे म्हणजे?"

"मी कुठे होते तेव्हा? कुठल्या घरात?"

ग्लेनाबाने शेजारच्या दगडांच्या कड्याकडे ओठ केले. "तिथे. मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते. तुझी आजी तुला सांभाळत होती. संध्याकाळी आले तर नाळ गळून पडली होती, पण सापडली नाही. आजीला नीट दिसायचं नाही. तिने जमीन झाडून काढली होती."

"आणि केर?"

"केर दारातून बाहेर."

"बाहेर म्हणजे इथे. या वाऱ्यात. या मेंढ्यांच्या पायांत." रोशेल रडत नव्हती, चिडलेली होती. "फिनिक्सला तर नाही ना हरवली? याची त्याच्या पायाखाली वीतभर जागेत आहे. माझी इथल्या कुठल्या दगडाखाली नाही ते तू मला दाखव. दाखव, आई."

ग्लेनाबाच्या हातात एक लाल दगड होता. तिने तो गडगीवर ठेवला नाही, खालीही टाकला नाही. मग दगड खाली ठेवला, काठी घेतली, आणि दारातून निघून वाटेला लागली.

आम्ही मागून निघालो. डेलबर्टने शांडीनला पाठुंगळीला घेतलं. ऊन उतरलं होतं आणि हळदीचे पट्टे केशरी झाले होते, पण त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मी मनात देवीचं नाव घेत होते, दुसरं काय करणार. ग्लेनाबा आमच्या बरीच पुढे होती. तिच्या काठीचा खडकावरचा आवाज मागे ऐकू येत होता, म्हणजे ती अजून काम करत होती.

घळीच्या पहिल्या वळणावर ती थांबली. आम्ही पोचेपर्यंत पाठमोरीच उभी राहिली.

"सोमवारी रजा टाक," ती म्हणाली.

कुणाला म्हणाली ते कळायला क्षण लागला.

"कोण, मी?" रोशेल म्हणाली. "कशाला?"

"चॅप्टर हाऊसला. ज्याचं नाव सांगायचं त्याला स्वतः यावं लागतं."

"माझं नाव?"

"मग काय तुझ्या बुटांचं?"

"मी हो म्हटलेलं नाही, आई."

"मी विचारलेलंही नाही."

"हेच," रोशेल म्हणाली. "अगदी हेच. आत्ता मी घसा फोडून काय सांगितलं तुला? आणि मी फिनिक्सला. मेंढ्या कोण बघणार?"

"हा आहे ना. याची कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे. ती मी स्वतः पुरली, दुसऱ्याच्या हातात नाही दिली."

"मी काय म्हणतो त्याला काही—" डेलबर्टने सुरुवात केली.

"तुझ्याशी मी बोलत नाहीये," ग्लेनाबा म्हणाली, आणि चालायला लागली. तिने ते खरं केलं. पहिला बर्फ पडून वितळेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. काही सांगायचं असलं की त्याच्यासमोर कुत्र्याला सांगायची.

रोशेल वाटेतच उभी राहिली. रागाने तिचे ओठ पांढरे झाले होते. मला वाटलं, ही आता सरळ गाडीत बसणार आणि रात्र पडायच्या आत शहराच्या रस्त्याला लागणार. मीही तेच केलं असतं.

"दार," ती म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

"मेंढवाड्याचं दार. तुमच्यापैकी कुणी लावलं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भांडणाच्या भरात कुणीच लावलं नव्हतं.

"कमाल आहे तुमची सगळ्यांची," रोशेल म्हणाली. ती वळली आणि एकटीच उतारावरून खाली परत गेली. वळणावरून आम्हाला ती दिसत होती. तिने दार ओढून खांबाला आणलं, तार आकड्यात अडकवली, आणि वरून उलटा पीळ दिला, मग आणखी एक. मेंढ्या तोंडाने तार सोडवतात म्हणून ग्लेनाबाच्या घरात तसा पीळ देतात. दुसरीकडे कुठे मी तो पाहिलेला नाही.

पुढे ग्लेनाबाच्या काठीचा आवाज थांबला होता. ती बघत होती की नाही, मला सांगता येणार नाही. मी तिकडे वळून पाहिलं नाही. माणसाला अशा वेळी कुणी बघू नये.

रोशेल धापा टाकत वर आली, आमच्या अंगावरून पुढे गेली, आणि आईच्या मागे चालायला लागली. दोघींत चार हातांचं अंतर होतं. ते त्यांनी गाड्यांपर्यंत तसंच ठेवलं.

सोमवारी ती चॅप्टर हाऊसला आली. चिडलेलीच होती.